हात मागे घेताना

दवाखान्यासमोरच्या मैदानावर प्रशिक्षक ओरडत होते, "अरे, चेंडूशी भांडू नकोस! झेलताना हात मागे घे!" शाळेत आम्ही हेच संवेग, आवेग अशा भारदस्त शब्दांत पाठ केलं होतं. चेंडू तोच, वेगही तोच; थांबायला जरा वेळ मिळाला की हाताला कमी लागतं.

भाऊजींकडे आता फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी मघाशी तितक्याच भारदस्तपणे एका वाक्यात सांगून टाकलं होतं. आता ते मला अक्काला सांगायचं होतं.

"काय म्हणाले रे?" तिने दारातच विचारलं.

"आधी चहा टाक."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग आलं किसलं, दूध ओतलं. इतका सावकाश चहा तिने कधीच केला नव्हता. कप माझ्यापुढे ठेवून ती खाली बसली.

"हं. सांग आता."