चाखल्याशिवाय न घेणारी आत्ती

आमच्या आत्तीने कराडच्या बाजारात पाय ठेवल्या ठेवल्या काही विकत घेतलंय, असं कुणी पाहिलं नाही. आधी ती नुसती चाखत फिरायची. गुळाच्या ढेपेचा खडा, मग शेंगा, बेदाणे, वर ताकाचा घोट. आणि एवढं करून विकणाऱ्यालाच ऐकवायची, की यंदा गूळ खारट झालाय. ती दिसली की बाया पाटीवर पदर ओढायच्या. एखाद्या बाजाराला आली नाही, तर त्याच बाया काळजीने घरी निरोप धाडायच्या.

आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिच्या आयुष्यात न पारखता एकच गोष्ट झाली होती, तिचं लग्न. मोठ्यांनी ठरवलं, तिने मान डोलावली आणि वर्षाच्या आत ती कायमची माहेरी आली. त्याबद्दल ती चकार शब्द काढत नसे.

मला बघायला सुट्टीवरचा एक फौजी आला, तेव्हा पोह्यांच्या बशा रिकाम्या व्हायच्या आत घरचे होकार देऊन बसले. आत्ती म्हणाली, पाहुण्यांना आधी बाजार दाखवून आणते. पिशवी घेऊन मी मागे. माझा जीव टांगणीला लागला होता, कारण मुलगा मला आवडला होता आणि वडील आत्तीच्या शब्दाबाहेर नव्हते.

वांगी घ्या म्हटल्यावर त्याने पलटणीच्या सवयीने अख्खी पाटीच मागितली. आत्तीने कपाळाला हात लावला. मग एक हिरवी मिरची त्याच्या हातात ठेवून गोड आवाजात म्हणाली, "खाऊन बघा की पाव्हणं, तिखट न्हाई."

गडी देठापर्यंत खाऊन मोकळा झाला. कान लाल, डोळ्यांतून धारा. मिरच्या विकणारी म्हातारी बिचारी घाबरून गेली.

"चांगली आहे मावशी, द्या पावशेर," तो तिला कसाबसा म्हणाला.

घरी आल्यावर आत्तीने वडिलांना सांगितलं, "वांगी कळत न्हाईत त्याला. पर जीभ भाजली तरी म्हातारीवर खेकसला न्हाई. द्या पोरगी."

सासरी निघताना सगळ्या जणी मला दिल्या घरी सुखी राहा म्हणून रडत होत्या. आत्तीने बाजूला ओढलं.

"न्हाई पटलं तर सरळ परत ये. मी हाय."

परत जायची वेळ आली नाही. आत्तीलाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण तिच्या त्या शब्दाच्या जोरावर मी नवऱ्याशी जन्मभर बिनधास्त भांडले.