उसातली होडी

चेन्सा ग्रेकला वाऱ्याची भीती वाटते, हे गावात लहान पोरांनाही ठाऊक होतं. कुठे पत्रा वाजला की ती दुकानाची फळी खाली ओढायची. मग शेजारच्या फळांच्या टपरीतून एडना टोबी हाक मारायची, "अगं, ट्रक गेला तो. उघड दुकान."

भीतीला कारण होतं. चेन्सा चौदा वर्षांची असताना, माल्टामधल्या तिच्या गावाहून वडील आणि थोरला भाऊ मासेमारीला गेले. ईशान्येचा वारा सुटला. चार दिवसांनी होडीची एक फळी तेवढी किनाऱ्याला लागली. पुढे साल्वू ग्रेकशी लग्न ठरलं आणि ऑस्ट्रेलियाला जायचं निघालं, तेव्हा तिने एकच अट घातली होती : घर समुद्रापासून लांब पाहिजे. साल्वूने तिला क्वीन्सलंडच्या उसात आणून ठेवलं. जिकडे बघावं तिकडे ऊस आणि ऊस वाहणाऱ्या छोट्या आगगाडीचे रूळ.

पण साल्वू स्वतः बंदरावर वाढलेला. ऊसतोडणीतून वेळ मिळेल तसा तो हमरस्त्याकडेच्या माळावर सिमेंट कालवत बसायचा. अकरा वर्षं खपून त्याने तिथे माल्टाची होडी उभी केली, देवळाएवढी. पिवळी, निळी, लाल, आणि पुढच्या टोकाला, नाळेवर, दोन मोठाले डोळे. पोटात गोल खोली, तिथे दुकान. "ही कधी पाण्यात उतरायची नाही," तो चेन्साला म्हणाला, "हिला तरी घाबरू नकोस."

लोक आधी हसले. मग गाड्या थांबायला लागल्या, नकाशावर होडीचं नाव आलं. साल्वू गेल्यावर चेन्सा तिकिटं फाडायची, चीज भरलेल्या खुसखुशीत पास्तित्सी विकायची. ग्रीक यायचे, लेबनानी यायचे, व्हिएतनामी यायचे, आणि सगळे एकच बोलायचे : आमच्याकडेही अशाच डोळ्यांच्या होड्या असतात. एडनाच्या आज्याला गोऱ्यांनी फसवून, जहाजात घालून, दूरच्या एका बेटावरून ऊसतोडणीला आणलं होतं. ती म्हणायची, "त्या जहाजाला डोळे नव्हते. असते तर लाजेने मिटून घेतले असते."

एका वर्षी मार्चमध्ये वादळ उत्तरेला जाईल असं रेडिओ सांगत होता. सकाळी ते वळलं. ओढ्याला पूर आला आणि गावातल्या निवाऱ्याकडे जाणारा पूल पाण्याखाली गेला. अलीकडे जे राहिले ते होडीत आले : एडना, बेकरीवाला थुआन, आणि मेलबर्नहून फिरायला आलेलं एक म्हातारं क्रोएशियन जोडपं, आन्ते आणि नेवेंका. त्यांची राहायची गाडी रुळांपलीकडे, रस्त्याला उभी होती.

थुआनने खिडक्यांना फळ्या ठोकल्या, दाराला टेबल लावून दोरखंडाने बांधलं. मग वारा आला.

तो आधी शिट्टीसारखा होता, मग गुरासारखा हंबरायला लागला. दार आतल्या बाजूला फुगायचं आणि परत बसायचं. चेन्सा दुकानाच्या गल्ल्यामागे गुडघे पोटाशी घेऊन बसली. तिचे दात वाजत होते. जपमाळेचे मणी बोटांतून निसटत होते. वरून सिमेंटचे कपचे पडले तेव्हा तिला वाटलं, हीसुद्धा बुडणार. माळावरची होडीसुद्धा बुडणार.

"मावशी, भिंत हातभर जाड आहे," थुआन तिच्या कानाशी ओरडला.

"तू बांधलीस का?"

"नाही."

"मग गप्प बस."

एडना अंधारात हसली. तिचा हात चेन्साच्या पायावर होता.

दुपारी एकाएकी सगळं थांबलं. कान बधिर झाल्यासारखे वाटले. फळीच्या फटीतून ऊन आत आलं. नेवेंकाला धाप लागली होती. तिच्या दम्याचा फवारा गाडीतच राहिला होता. आन्तेने दोरखंड सोडला.

"संपलं. मी आलोच."

"संपलं नाही," एडना म्हणाली, "वादळाचा डोळा आहे हा. वारा उलटा फिरून परत येणार."

"पाच मिनिटांचं काम. ती निळी पडलीय, दिसत नाही का?" आणि तो गेला.

थुआन दाराकडे निघाला, पण फळी ठोकताना खिळा घुसून त्याचा पाय सुजला होता. तो दोन पावलांत खाली बसला. एडनाने नेवेंकाला टेकवून धरलं होतं. चेन्साने दारातून पाहिलं. ऊस आडवा झोपला होता, आकाश निळंशार, आणि त्या निळ्याच्या कडेला, शेतांपलीकडे, काळी भिंत उभी होती. म्हातारा गाडीच्या दाराशी झटत होता. त्याला ती भिंत दिसत नव्हती.

किनाऱ्यावर उभी राहून वाट बघणारी चौदा वर्षांची चेन्सा अजून तिच्या आत होती. तिने काय ठरवलं ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. पाय निघाले एवढंच.

"चेन्सा, मूर्खासारखं करू नकोस," एडना मागून म्हणाली.

ती गुडघाभर पाण्यातून रुळांपर्यंत गेली, रूळ ओलांडून गाडीपाशी पोचली. आन्ते आत खणामागून खण उपसत होता.

"चल."

"सापडत नाहीये. तिच्या निळ्या पिशवीत असतो."

"मला फार भीती वाटतेय," चेन्सा म्हणाली, "माझ्याच्याने इथे थांबवणार नाही. चल."

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडाला रंग नव्हता. तेव्हा कुठे त्याने दाराबाहेर मान काढली आणि काळी भिंत बघितली. निळी पिशवी गादीखाली निघाली. ती छातीशी धरून तो तिच्यामागे धावला.

रुळांवर पोचतात तोच वारा आला. चेन्सा उचलली गेली आणि पोटावर आपटली. तिने दोन्ही हातांनी रूळ धरला. श्वास घेता येईना, वारा तोंडात कोंबल्यासारखा घुसत होता. मागे मोठा आवाज झाला. गाडी लोळत उसात गेली. आन्तेने तिचा घोटा पकडला होता. ती मोठ्याने रडत होती, भावाला हाका मारत होती, आणि रूळ धरून सरपटत होती. हाताची कातडी सोलली. रूळ पुढे वळून होडीच्या अंगाला लागूनच जायचे, तिथे पोचल्यावर वाऱ्याचा जोर एकदम तुटला. आता वारा पलीकडून येत होता, दार आडोशाला आलं होतं. थुआनने सुजल्या पायावर उभं राहून दोघांना आत ओढलं.

नेवेंका वाचली. संध्याकाळी वारा पडला तेव्हा होडीची नाळ डोळ्यांसकट मोडून पडली होती. पोट शाबूत होतं.

पुढे होडी दुरुस्त करायला बरीच माणसं आली, कुठून कुठून. माल्टी लोकांच्या मंडळाने रंग दिला, थुआनने दोन महिने पाव पुरवला. नाळ पहिल्यासारखी झाली नाही, जरा आखूड झाली. गाड्या तरीही थांबतात.

चेन्सा त्यानंतर नऊ वर्षं जगली. लोक तिला धीट म्हणायला लागले, ते तिला आवडत नसे. एडनाने एकदा तोंडावर विचारलं, "आता तरी गेली का भीती?"

"वाढली," चेन्सा म्हणाली. "आधी वारा ऐकून माहीत होता. आता आत जाऊन आलेय."

आणि दूर कुठे पत्रा वाजला म्हणून तिने फळी खाली ओढली.  एडनानेही आपली टपरी बंद केली आणि तिच्याजवळ येऊन बसली.