तीस फॉर्म आणि अप्पांचं आवतण

सोशल मीडियावर विद्यार्थ्यांचा अभ्यास होतो, हे मी एम.ए.च्या प्रबंधात सिद्ध करणार होतो. अडचण एवढीच होती, की सोशल मीडियावर मला एकही विद्यार्थी उत्तर देत नव्हता.

वर्गाचा नेटवरचा ग्रुप मीच काढलेला. त्यावर प्रश्नावली टाकून पंधरा दिवस झाले होते. गाईड सरांनी बजावलं होतं, सोमवारी तीस उत्तरं आणा, नाहीतर वर्ष गेलं समजा. शुक्रवारी मी कलबुर्गीहून औरादला घरी आलो आणि मोबाईलकडे बघत बसलो.

"कामून तोंड पाडून बसलास?" अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं.

"आवतण दिलास का?"

"प्रश्न पाठवले की, अप्पा."

"नुसत्या प्रश्नाला कोण यायलंय? लिव्ह, परवा आपल्या शेतात हुरडा हाय. समद्यांनी या, घरच्यान्ला घेऊन."

अप्पांचं मन राखायला मी तसंच्या तसं टाइप केलं. (ग्रुपवर माझं ऐकतंय कोण! हे माझं पंधरा दिवसांचं संशोधन होतं.) किती जण येतील, असं आईनं विचारलं, तेव्हा मी अधिकारवाणीनं सांगितलं, "चार."

रविवारी सकाळी बांधावर पहिली जीप थांबली. तिच्यातून अकरा जण उतरले. मागोमाग कमलनगरची जीप आली. मन्नाएखेळ्ळीचा माझा वर्गमित्र बसवराज तर मामा, मामी आणि मामीची आई घेऊन आला! आई माझ्याकडे बघत होती. मी हुरडा भाजायच्या आगटीकडे बघत होतो.

कणसं भाजल्याचा वास सुटला, तसे अप्पा माझ्या प्रश्नावलीचे झेरॉक्स फॉर्म घेऊन वाट अडवून उभे राहिले. "आधी हे लिवा. मग हुरडा."

पेनं तीनच. एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून लिहिणं सुरू झालं.

"ग्रुपवर विचारायची लाज वाटतंय," वर्गातली सुनंदा म्हणाली. "इंग्रजी चुकतंय."

"मग मराठीत विचार की," बसवराज म्हणाला. "मी कन्नडात सांगतो. मधी समजावून सांगणारं कुणीतरी असंलच."

त्या संध्याकाळपासून ग्रुपवर तिन्ही भाषांत प्रश्न पडू लागले. मला खरंच फार आनंद झाला.

सोमवारी सरांनी फॉर्म चाळले. अभ्यासाला फायदा होतो, असं सगळ्यांनीच लिहिलं होतं. 'कारण' या रकान्यात बऱ्याच जणांनी 'हुरडा' लिहिलं होतं. तिसाव्या फॉर्मवर मामीच्या आईचा अंगठा होता.

सरांनी तीसही फॉर्म स्वीकारले. दुरुस्ती एकच सुचवली: प्रबंधावर संशोधक म्हणून माझ्या जागी अप्पांचं नाव घाला.