पहिले दोन घास

आमची वहिनी समोरच्याचं ऐकून घेण्याआधीच उत्तर द्यायची. "मला चहा नको" म्हणेपर्यंत कप हातात आलेला असायचा. दादानं कुठल्या लग्नाला कोणता शर्ट घालायचा, शेजारच्या काकूंनी गुडघ्याचं ऑपरेशन कधी करून घ्यायचं, मी कोणत्या रंगाचा कपडा अंगाला लावू नये, हे सगळं ती ठरवून मोकळी व्हायची. महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवायची, त्यामुळे तिला सगळं जगच नऊ वर्षांचं वाटत असावं. अशी एखादी बाई तुमच्याही घरात असेल. लोक तिचं कौतुक करतात. मी करत नाही.

आई गेल्यावर घाटकोपरच्या सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघंच उरलो होतो. दादा, वहिनी आणि मी. मी मरोळला विजेचे मीटर बनवणाऱ्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर होते. एकतिसाव्या वर्षी मला वाटायला लागलं की कॅन्टीनच्या भाजीत माझ्यापुरतं काहीतरी घालतात. मग घरच्याही जेवणात घालतात असं वाटायला लागलं. वाटायला लागलं हे मी आज म्हणते. तेव्हा ते मला पक्कं ठाऊक होतं. मी केळी, उकडलेली अंडी आणि बंद पुड्यातली बिस्किटं एवढंच खायचे. अंडं स्वतः सोलायचे. महिन्याभरात कामावर जाणं थांबलं. वहिनीनं कंपनीला फोन करून सांगितलं, "तिला कावीळ झालीये." तिचा आवाज जराही हलला नाही.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कुठल्याशा बाबाचं नाव सुचवलं, फार गुण येतो म्हणाल्या. वहिनी म्हणाली, "आमच्या घरात बाबा एकच, आणि ते भिंतीवर आहेत. आम्ही डॉक्टरकडं जातो." ही गोष्ट ती पुढे अभिमानानं सगळ्यांना सांगायची. डॉक्टरकडं न्यायला तिनं मला रिक्षात बसवलं, पण सिग्नलला रिक्षा थांबल्यावर मी उतरून चालायला लागले. ती मागून आली. मी म्हणाले, "मी वेडी नाहीये. तुम्हीच विष घालताय आणि मलाच डॉक्टरकडं नेताय."

"बरं. नको येऊस," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा ती माझं म्हणणं इतक्या सहज मान्य करत होती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. नको त्या सगळ्यांचा यायचा, तिचा तेवढा आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं नवीन पद्धत सुरू केली. एकाच ताटात वरणभात कालवायचा, माझ्यासमोर बसून पहिले दोन घास स्वतः खायचे आणि ताट माझ्याकडं सरकवायचं. "बघ. मेले का?" एवढंच विचारायची. तीन-चार दिवस मी नुसती बघत बसले. पाचव्या दिवशी खाल्लं. कित्येक महिन्यांत मऊ गरम भात तोंडात गेला नव्हता. मग रोज खायला लागले. झोप येऊ लागली. हळूहळू कॅन्टीनचा विचार मागं पडला, घरातल्या भांड्यांकडं टक लावून बघणं थांबलं. चार महिन्यांनी मी पुन्हा कंपनीत गेले. कावीळ बरी झाली का, असं सगळ्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. मला मनातून माझाच अभिमान वाटत होता, की डॉक्टर नाही, गोळी नाही, मी माझ्या जिद्दीवर यातून बाहेर आले.

त्या वर्षात माझं वजन अकरा किलोंनी वाढलं. पाळी बंद झाली. एक स्थळ आलं होतं, त्या लोकांना वहिनी बिनदिक्कत म्हणाली, "थायरॉइड आहे, गोळी चालू आहे." मला थायरॉइड नव्हता. स्थळासमोर लोक काहीबाही सांगतातच, म्हणून मी गप्प बसले. शेवटी अंधेरीला एका बायकांच्या डॉक्टरकडं गेले. तिनं रक्त तपासलं, रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "मानसिक आजाराचं औषध कधीपासून घेताय?"

"घेत नाही."

"नीट आठवा. हा हार्मोन एवढा वाढतो तो बऱ्याचदा त्या औषधांमुळे."

"मी कुठलंही औषध घेत नाही," मी म्हणाले. शपथेवर सांगायला तयार होते.

घरी आले तेव्हा वहिनी मेथी निवडत बसली होती. मी रिपोर्ट समोर ठेवून विचारलं. तिनं वर बघितलं, जुडी बाजूला ठेवली.

"हो. थेंब असतात. रंग नाही, वास नाही. तुझ्या वरणात घालते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. चौदा महिने झाले. डॉक्टरांना विचारून."

"आणि तू खायचीस ते?"

"मग काय करणार? तू हात लावत नव्हतीस. दोन घासांनी काय होतंय. वर्गात पेंग यायची, मोठ्या बाई ओरडल्या दोनदा. पुढं तू खायला लागलीस, मग मी माझे घास बंद केले."

ही गोष्ट ऐकून लोकांचे डोळे पाणावतात. दादाचे तर नेहमीच. माझे नाही. ते दोन घासही मला फसवण्यासाठीच होते. मी आजारी होते तेव्हा माझ्या जेवणात कुणी काही घालत नव्हतं, आणि मी घालतात म्हणून ओरडत होते. मी बरी होऊन ओरडायची थांबले, तेव्हा खरोखरच घालत होते. आता मला सांगा, माझ्या डोक्यावर मी कुठून विश्वास ठेवायचा? वहिनीला हे मी अनेकदा विचारलं. ती म्हणायची, "बरी झालीस ना? मग?"

वहिनीला ते थेंब लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडं मी एकटी गेले. ते मला पहिल्यांदाच बघत होते. चौदा महिने त्यांनी न पाहिलेल्या बाईला औषध दिलं होतं. त्यांना वाईट वाटलं असावं. "तुम्ही यायला तयार नव्हता, खाणं बंद होतं, तुमच्या वहिनी इथं बसून रडत होत्या," म्हणाले. रडणारी वहिनी मला डोळ्यांसमोर आणताच येईना. बरी झाल्यावर मला सांगायचं ठरलं होतं, असंही ते म्हणाले. ते सांगणं तिनं टाळलं होतं. त्यांनी औषध बदलून दिलं. पाळी परत आली, वजन थोडं उतरलं. आता गोळी मी माझ्या हातानं घेते.

त्यानंतर मी घाटकोपरला राहिले नाही. कंपनीतली माझी मैत्रीण फ्लाविया मरोळच्या जुन्या गावठाणात राहते. तिच्या घराची वरची खोली मी भाड्यानं घेतली. वहिनीचे फोन यायचे, मी हो-नाही एवढंच बोलायचे. सहा वर्षं असं चाललं.

गेल्या वर्षी वहिनी निवृत्त झाली आणि दोघांनी वाशीमला गावी जाऊन राहायचं ठरवलं. त्याच सुमारास मला मानसिक आजारांच्या नवीन कायद्यातली एक सोय कळली होती. पुन्हा आजारी पडले तर माझ्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे मला बरी असतानाच लिहून ठेवता येतं. माझ्या वतीनं कुणी बोलायचं तेही ठरवता येतं. मी फ्लावियाचं नाव घातलं. सगळ्यात वर लिहिलं की मला न सांगता, अन्नातून किंवा पाण्यातून कुठलंही औषध देऊ नये. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या हव्या होत्या. त्यातली एक वहिनीनंच करावी असा मी हट्ट धरला. तिनं तोंडानं चूक कबूल केली नसती. सही केली असती तर मी तीच माफी समजले असते.

निघायच्या आदल्या दिवशी ती मरोळला आली. जिना चढून दमली होती. मी पाणी दिलं आणि कागद पुढं केला. तिनं चष्मा लावून तो सावकाश वाचला, मग पहिल्यापासून पुन्हा वाचला.

"फ्लाविया ऐकेल तुझं?"

"ऐकेल."

"हां. माझं नाव घातलं नाहीस ते बरं केलंस." तिनं पेनाला टोपण लावून ते कागदावर ठेवलं. "मी सही करणार नाही, सुजाता."

"नुसती साक्षीदाराची आहे. तुझ्यावर काही येत नाही."

"ते कळतंय मला. पण उद्या तू परत तशी झालीस, अंडी सोलत बसलीस, तर मी वाशीमहून येईन आणि परत तेच करीन. मग आज सही कशाला करू?"

मी म्हणाले, "मी तुला घरात घेणार नाही."

"नको घेऊस," ती म्हणाली. "मी दारात बसेन."

ती उठली, पदर सारखा केला, कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली गेली. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा मिळेपर्यंत उभी होती, तोवर मी खिडकीतून बघत होते. दुसरी सही संध्याकाळी फ्लावियाच्या नवऱ्यानं केली. वहिनीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण आजवर तिनं मला जे जे सांगितलं, त्यातलं हे दारात बसण्याचं एवढं एकच मी तपासून न बघता खरं मानते.