मण्यांच्या पिशवीला लागलेलं कुंकू

कॅनडा म्हटलं की चंडीगडमध्ये प्रत्येकाला आपला एखादा भाचा आठवतो. त्यामुळे तिथून आलेल्या पाहुण्या प्राध्यापिकेच्या व्याख्यानाला आमच्या विभागात गर्दी झाली. ती मिगमा जमातीची. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचे हे मूळ रहिवासी. अध्यक्षांनी तिला फुलकारी, म्हणजे पंजाबी भरतकामाची ओढणी, पांघरली आणि बराच वेळ व्हिसावर बोलले. मग तिने स्वतःची पिशवी दाखवली. तळहाताएवढी, काळ्या मखमलीची, तिच्यावर काचेच्या बारीक मण्यांचे एकमेकांकडे पाठ करून वळलेले वेल आणि कडेने पांढऱ्या मण्यांची ओळ. आजीच्या हातची, घरात उरलेली ती एकच.

संध्याकाळी ती आमच्याकडे जेवायला आली. बायकोने पिशवी हातात घेऊन डोळे भरून पाहिली. मग देव्हाऱ्यातला करंडा आणला, पिशवीच्या कडेला हळदकुंकवाचं बोट टेकवलं आणि आत मूठभर तांदूळ घातले. हातात आलेली पिशवी आमच्याकडे रिकामी परत देत नाहीत.

मी जन्मभर सत्कारांची टिंगल केली, आणि आता माझ्याच घरात हा सोहळा. मी ओलं फडकं घेऊन धावलो.

"अरे, कोरडं आहे ते. झटकलं की जाईल," बायको म्हणाली.

तोवर मी पुसलं होतं. मणी स्वच्छ निघाले, पण कुंकू पाण्याबरोबर खाली उतरलं आणि ओवलेला पांढरा दोरा गुलाबी झाला.

त्यावर मी कळस चढवला. पाहुणीला इंग्रजीत म्हणालो, "माफ करा, माझी बायको जरा जुन्या वळणाची आहे."

बायको सेक्टर ३२च्या रुग्णालयात मुलांची डॉक्टर आहे. इंग्रजी तिला माझ्याहून बरं येतं.

पाहुणी पिशवी दिव्याखाली धरून बघत राहिली. रागावली नाही, ते मला जास्त अवघड गेलं. तांदूळ कशासाठी, असं तिने बायकोला विचारलं. बायकोने सांगितलं. पाहुणीने ते तसेच आत ठेवून नाडी ओढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, आजी मण्यांचं कुठलंही काम हातात घेतलं की आधी दोराच बघायची.

तिला गेस्ट हाउसवर सोडून आल्यावर बायको चप्पल काढता काढता म्हणाली, "पिशवी तू खराब केलीस आणि माफी माझ्याबद्दल मागितलीस."

मी बेसिनपाशी फडकं धूत होतो. नळ बंद केला नाही. केला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.