पंख्याभोवतीचं कडं

चूक माझी होती. ती मला माहीत नव्हती, असंही म्हणता येणार नाही. मला ती माहीत करून घ्यायची नव्हती.

वडिलांच्या मागे त्यांची जुनी पांढरी मोटार माझ्याकडे दौंडला आली. शिरूरचे एक म्हातारे मिस्त्री वडिलांच्या काळापासून ती सांभाळत. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. भाचीच्या लग्नात नवरदेवाचा परण्या याच गाडीतून काढायचं ठरलं, तेव्हा आप्पांनी रेडिएटर उतरवून साफ करून दिला. घरी आणल्यावर पंख्यापाशी खडखड ऐकू यायला लागली. पंख्याभोवती पत्र्याचं गोल कडं असतं, त्याचा एक स्क्रू ढिला होता. तो आवळायचा सोडून मी कडंच काढलं आणि माळ्यावर टाकलं. खडखड थांबली. आप्पांना विचारावंसंही वाटलं नाही.

लग्न मांडवगण फराट्याला होतं. तिथपर्यंत गाडी छान पळाली. मग मारुतीच्या देवळापासून परण्या निघाला. पुढे बँड, नाचणारे पाहुणे आणि मागे माणसाच्या पावलानं आमची गाडी. अर्ध्या वाटेत तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटखालून वाफ यायला लागली. नवरदेव उतरून चालत मांडवात गेला.

"मामा, च्याचं आधान ठिवायचं का ह्याच्यावर?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

मला ते सोसलं नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "शिरूरच्या आप्पांनी रेडिएटरची वाट लावली. त्यांना आता दिसत नाही. त्यांच्याकडे कुणी गाडी देऊ नका."

त्या घोळक्यातल्या निम्म्या लोकांच्या जीपगाड्या आप्पांकडेच जायच्या.

चार दिवसांनी आप्पांचा फोन आला. "गाडी घिऊन ये, बघतो मी." मी वेळ नाही म्हणालो.

पुढे दीड वर्ष मी त्या गाडीत काय काय बदललं. रेडिएटरची जाळी, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट. मोठ्या रस्त्यावर काटा हलायचा नाही. दौंडच्या बाजारात शिरलं की चढलाच. दरवेळी मी आप्पांना शिव्या घालायचो, आणि दरवेळी मला बरं वाटायचं.

शेवटी दौंडच्याच एका रेडिएटरवाल्यानं बॉनेट उघडून विचारलं, "साहेब, ह्याचं कडं कुठंय? त्याच्याबिगर पंखा जाळीतनं वारा वढत न्हाई, इंजिनाचाच गरम वारा घुसळत बसतो. पळताना समोरनं वारा लागतो, म्हणून कळत न्हाई."

 घरी जाऊन माळ्यावरून कडं उतरवलं, बसवलं आणि गाडी भर बाजारात चालू ठेवून उभी केली. अर्धा तास झाला तरी काटा मधेच. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिलो.

शिरूरला गेलो. आप्पांच्या गॅरेजात कांद्याच्या गोण्या रचलेल्या. आप्पा घरासमोर बाजेवर बसले होते. दारात माझी गाडी चालूच होती. त्यांनी जरा कान दिला.

"कडं बसवलंस."

"तुम्हाला माहीत होतं?"

"वाटलं हुतं. तुझ्या बापानं बी एकदा काढलं हुतं. गाडी आणली असतीस तर बघितल्याबरोबर सांगितलं असतं."

"गॅरेज कधी बंद केलं?"

"गाड्याच यायच्या बंद झाल्या. कुणासाठी उघडं ठिवू?"

मी पाय धरायला वाकलो, तर त्यांनी पाय वर घेतले. "मला सांगून काय उपेग? मी काय केलं ते मला ठावं हाय. जिथं बोललास तिथं सांग."

तिथूनच मांडवगणला गेलो. मारुतीच्या पारावर सहा-सात जण बसले होते. दोघं त्या दिवशी परण्यात होते. मी शिरूरच्या आप्पांचं नाव काढलं.

"आप्पा व्हय? हायत का अजून?" त्यातला एक म्हणाला.

उशीर किती झाला होता, ते मला तेव्हा कळलं. तरी हात जोडून उभा राहिलो आणि म्हणालो, "गाडी तापली त्यात आप्पांची चूक नव्हती. कडं मी काढलं होतं. मी इथं त्यांच्याविषयी खोटं बोललो. मला माफ करा, आणि हे ज्यांना ज्यांना सांगता येईल त्यांना सांगा."