एक पिल्लू अद्याप घरट्यात आहे

१९९४, जुलै महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी दहा. ठिकाण: डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीची गच्ची. हजर: अध्यक्ष, म्हणजे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त गणित शिक्षक, तिसऱ्या मजल्यावरचे गाडीवाले, आणखी नऊ सभासद, सचिव म्हणून मी, वही आणि दोन पेनांसह. कळवून गैरहजर: दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले.

सभा त्यांच्याच विषयावर होती. पण आमच्या सभा पहिल्यापासून गच्चीवर, टाकीशेजारच्या पत्र्याखाली भरायच्या. लहानपणी पोलिओ झालेला माणूस कुबडी घेऊन आणखी दोन मजले चढून कसा येणार, हे नोटीस काढताना माझ्यासकट एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी यादी करून काम करणारी बाई आहे. सतरंज्या, पाण्याची कळशी, चहाचे कप, सगळं यादीत होतं. जिना राहिला.

विषय असा. बँकवाल्यांची मागे जादा चाकं लावलेली स्कूटर होती. तिच्यावरून ते रोज कल्याणच्या शाखेत जाऊन येत. उतरताना डावा हात जिन्याच्या कठड्यावर पडला की पुढचं सगळं ते एकटे करायचे. दोन मजले चढायला त्यांना बारा मिनिटं लागत आणि त्या बारा मिनिटांत कोणी मदत करू पाहिलेली त्यांना आवडत नसे. कठडा हाताशी येईल अशी जागा आवारात एकच होती, जिन्यालगत, शिरीषाच्या मोठ्या झाडाखाली. त्या झाडावर दर पावसाळ्यात बगळे घरटी करत, त्यामुळे एरवी तिथे कोणी गाडी लावत नसे. पण त्या वर्षी गाडीवाल्यांनी गाडीला ताडपत्रीचं कव्हर शिवून घेतलं आणि ती जागा धरली. उतरलं की दोन पावलांवर जिना, डोक्यावर थेंब नाही.

एका संध्याकाळी बँकवाले आले तेव्हा जागा भरलेली होती. ते फाटकापाशी स्कूटरवर बसून राहिले. थोड्या वेळाने गाडीवाले खाली आले, त्यांनी किल्ली आणायला वर जाण्याऐवजी तळमजल्यावरच्या एकाला हाक मारली आणि दोघांनी मिळून बँकवाल्यांना खुर्चीत घालतात तसं उचलून थेट दारात नेऊन ठेवलं. मनाने चांगले गृहस्थ. त्यांना वाटलं, केवढी मदत केली. दुसऱ्या दिवशी बँकवाल्यांनी मला जिन्यात गाठून एवढंच सांगितलं, "वहिनी, मला जागा द्या. उचलून नेलेलं मला चालत नाही."

सभेत गाडीवाल्यांचं म्हणणं पडलं की सोसायटीत कोणाचीच जागा ठरलेली नाही, जो आधी येईल त्याची. शिवाय जिन्यालगतचा पट्टा मंजूर नकाशात मोकळा दाखवलाय, तो कोणाच्या नावे करायला पालिकेचा कागद लागेल. अध्यक्षांना कागद हा शब्द आवडत असे. त्यांनी तत्काळ अर्ज करायचं ठरवलं. अर्ज जातोच आहे तर, असं म्हणत आणखी दोघांनी आपापली कामं त्यात चढवली. अर्जात तीन कलमं झाली: एक, झाडाखालची जागा अपंग रहिवाशाच्या स्कूटरसाठी राखीव ठेवावी; दोन, तिथे पत्र्याची शेड घालू द्यावी; तीन, बगळ्यांमुळे वाळत घातलेले कपडे खराब होतात, सबब फांद्या छाटाव्यात.

मी अर्धी रजा टाकून पालिकेत गेले. आवक खिडकीवरच्या कारकुनांनी अर्ज वाचला आणि शांतपणे परत सरकवला. एका अर्जात एकच विषय चालतो, तीन वेगळे आणा, म्हणाले. पुन्हा रजा टाकायची माझी तयारी नव्हती. मी पर्समधून कात्री काढली, अर्जाचे तीन तुकडे केले, तीन कोऱ्या कागदांवर वाहतूक, नगररचना आणि उद्यान असे तीन पत्ते लिहिले, त्यांच्याच खिडकीतली खळीची बाटली मागून घेतली आणि तुकडे चिकटवले. पंखा जोरात होता, तुकडे उडत होते, मी कोपराने दाबून धरत होते. सात मिनिटांत काम संपलं. कारकुनांनी तिन्हींवर शिक्के मारले आणि कात्री नेहमी जवळ असते का, असं विचारलं. असते, म्हटलं. घरी येताना मी स्वतःवर भलतीच खूश होते.

दहा दिवसांनी नगररचनेचे सर्वेक्षक फीत घेऊन आले. त्यांनी झाडाचं भिंतीपासूनचं अंतर मोजलं, वर पाहिलं, हातातला कागद पुन्हा वाचला.

"बाई, घरटी मंजूर नकाशात दाखवलेली नाहीत," ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "पाडायची का नियमित करायची, ते तुम्हीच सांगा."

मी कागद पाहिला. नगररचनेच्या पत्त्याखाली बगळ्यांचं कलम चिकटलेलं होतं. पंखा आणि माझं कोपर यांनी मिळून अदलाबदल केली होती. सर्वेक्षक चहा पिऊन, हसत, झाड नियमात बसतं एवढं सांगून गेले. अध्यक्षांना मी हे सांगितलं नाही. वहीतही लिहिलं नाही. माझ्या वहीत न लिहिलेली ही पहिली गोष्ट.

दुसऱ्याच आठवड्यात उद्यान विभागाचे पर्यवेक्षक सायकलवरून आले. त्यांच्याकडे राखीव जागेचा अर्ज पोचला होता. अपंगांच्या गाडीला जागा द्यायची, याबद्दल त्यांच्याकडे कुठलाच नियम नव्हता. आणि देऊ नये, असाही नव्हता. ते बँकवाल्यांची वाट पाहत कट्ट्यावर बसले. गाडीवाले गाडी घेऊन बाहेर गेले होते, जागा मोकळी होती. स्कूटर आली, हात कठड्यावर पडला, कुबडी निघाली, बारा मिनिटं सुरू झाली. पर्यवेक्षक शेवटपर्यंत बघत राहिले. मग मला म्हणाले, "झाडाखालची जागा म्हणजे तशी आमचीच. पाटी देतो. पण कारण बागेचं पाहिजे."

आठवड्याभरात पाटी आली. बागेत फुलं तोडू नका म्हणून लावतात तसली, हिरवी, पांढऱ्या अक्षरांची. 'पक्ष्यांच्या विणीचा काळ. अपंग रहिवाशाच्या स्कूटरखेरीज येथे वाहन उभे करू नये.' सोबतच्या पत्रात एक अट होती: पिल्ले उडाल्यावर पाटी विभागाला परत करावी.

अध्यक्षांनी पत्र दोनदा वाचून फाइलला लावलं. गाडीवाल्यांनी गाडी मागच्या भिंतीला नेली. "आमचा वशिला कमी पडला सर, बगळ्यांचा लागला," एवढं बोलून घेतलं. बँकवाले टोपी आणि रेनकोट घालून झाडाखाली उतरू लागले. लादी बगळ्यांच्या घाणीने निसरडी व्हायची. त्यावर उपाय आमच्या फाटकाशी मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या कोळीणबाईंनी सांगितला. खाडीच्या चिखलात पाय टिकवायची त्यांना सवय. चुलीची राख टाका म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच डबाभर घेऊन आल्या. पिल्लं कधी उडतील तेही त्यांनाच विचारलं.

"नवरात्राचे आत जातील गो. पन येक घरटा मागं ऱ्हाते नेहमी."

मी यादीत लिहिलं: पिल्ले उडाल्यावर पाटी परत करणे. पुढे खूण करायला चौकोन काढला.

नवरात्र झालं, दसरा झाला. मागे राहिलेलं घरटंही दिवाळीपर्यंत रिकामं झालं. डिसेंबरात सभा ठेवली, या वेळी खाली, जिन्यापाशी. हजर: सगळे. बँकवाले कठड्याला टेकून उभे होते आणि विषय त्यांनीच काढला. बँकेतला माणूस, पत्रातली अट त्यांना पाठ होती. पिल्लं उडाली आहेत, पाटी परत करायला हवी, म्हणाले. अध्यक्षांनी चष्मा पुसला. पाटी गेली की जो आधी येईल त्याची जागा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझी हरकत नाही," बँकवाले म्हणाले. "जागा रिकामी होईपर्यंत मी फाटकाशी थांबत जाईन. फक्त कोणी मला उचलायला येऊ नका."

गाडीवाले जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि झाडाकडे पाहिलं. झाडावर चिटपाखरू नव्हतं.

"सर, वरच्या फांदीवर एक पिल्लू आहे अजून," ते म्हणाले.

"कुठे?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्या तिथे. पानांआड."

अध्यक्ष चाळीस वर्षं गणित शिकवलेले गृहस्थ. ते उठून उन्हात गेले, कपाळावर हात धरून नीट पाहून आले. "आहे," म्हणाले. मग एकेक जण उठला आणि पाहून आला. बँकवाले तेवढे गेले नाहीत. ते मान खाली घालून कुबडीची रबरी टोपी घट्ट करत होते. मी सर्वात शेवटी गेले. वहीत लिहिलं: एक पिल्लू अद्याप घरट्यात आहे. सर्वानुमते.

पुढच्या डिसेंबरातही तेच लिहिलं, त्याच्या पुढच्याही. पर्यवेक्षक एकदा सायकलवरून जाताना थांबले, पाटीचा रंग उडालाय म्हणाले, आणि हिरव्या रंगाचा छोटा डबा देऊन गेले. परत मागितली नाही. शेडच्या कलमाचं उत्तर कधीच आलं नाही. ते कुठल्या पत्त्याखाली चिकटलं होतं, ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

वह्या बदलल्या तशी मी बाकी कामांची यादी एकीतून दुसरीत उतरवत आले. बाकीच्या ओळी खोडल्या जातात. पहिली ओळ पाटी परत करण्याचीच आहे, आणि तिच्यापुढचा चौकोन रिकामा आहे.